बातमी काही नाही

पाचही बोटांची टोकं जुळवायची, हात छातीपुढे आणायचा आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा दोनदा खाली-वर करायचा. तोंडानं एकच शब्द, "शुवय, शुवय." आमच्या शाळेचे उपमुख्याध्यापक दिवसातून पन्नास वेळा तरी हे करायचे.

ओमानात याचा अर्थ ‘जरा दमानं घ्या’ असा होतो. मला तो कुणी सांगितला नव्हता. आपल्याकडे कुणी असा हात केला की तो ‘काय म्हणताय?’ असं विचारतोय, असं आपण धरून चालतो. इब्रीच्या सरकारी शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो त्या सकाळी मी त्यांच्याकडे माझं वेळापत्रक मागितलं. त्यांनी हात हलवला. मी तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं. त्यांनी पुन्हा हात हलवला. मी आणखी आवाज चढवला. चौथ्या खेपेला त्यांनी दोन्ही हात हलवले, आणि मी चिपळूणच्या शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचो त्या आवाजात "टाइमटेबल" असं ओरडलो. व्हरांड्यातली मुलं थांबून बघू लागली. उपमुख्याध्यापकांनी शांतपणे थर्मास उघडला, वाटीएवढ्या कपात कहवा, म्हणजे तिथली कॉफी, ओतला आणि कप माझ्या हातात दिला.

"दर्द किधर है?" त्यांनी विचारलं.

ही त्यांची हिंदी. तरुणपणी वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते दीड महिना मुंबईत राहिले होते. तिथल्या हॉस्पिटलात जेवढी कानावर पडली तेवढी भाषा त्यांनी जपून ठेवली होती. त्यामुळे कुणी शिक्षक रजा मागायला येवो, खडू संपले म्हणून येवो, नाहीतर वर्गातला एसी गळतोय म्हणून येवो, भारतीय असला की त्याचं स्वागत "दर्द किधर है?" असंच व्हायचं. आणि निरोप देताना "दो दिन में आराम."

त्यांचं नाव मी सांगत नाही. शाळेत पन्नास उस्ताद, म्हणजे मास्तर, होते, त्यात मीही एक होतो, पण कुणी नुसतं "उस्ताद कुठे आहेत?" असं विचारलं, तर ते यांच्याबद्दलच असे. बुटकी मूर्ती, इस्त्रीची घडी न मोडलेला पायघोळ पांढरा दिशदाशा, डोक्याला फेट्यासारखी बांधलेली मसर, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. फाटकापासून त्यांच्या खोलीपर्यंत माझी पस्तीस पावलं व्हायची. त्यांना पस्तीस मिनिटं लागायची, कारण वाटेत जो भेटेल त्याची, त्याच्या मुलांची, त्याच्या म्हाताऱ्यांची आणि त्याच्या उंटांची चौकशी झाल्याशिवाय ते पुढचं पाऊल टाकत नसत.

मी मात्र सकाळी शिक्षकांच्या खोलीत शिरायचो तो थेट झेरॉक्स मशीनकडे. आपल्याकडे यालाच कामसूपणा म्हणतात. तिसऱ्या दिवशी मशीनचं झाकण उघडतोय तोच मागून उपमुख्याध्यापकांची हाक आली.

"उस्ताद. बाहेर जा."

मी घाबरून बाहेर गेलो.

"आता आत या. माणसासारखे या."

मी आत आलो. खोलीत अकराजण होते. अकराजणांशी हात मिळवला, अकरा वेळा सलाम झाला, अकरा वेळा "घरचे कसे आहेत?" झालं. मशीनपाशी पोचलो तेव्हा तास सुरू झाल्याची घंटा वाजली. उस्तादांनी समाधानानं मान डोलावली. "बघा," ते म्हणाले, "मशीन कुठे पळून गेलं?"

मशीन पळालं नव्हतं हे खरं. पण नववी ‘ब’ माझ्याविना वर्गात काय करत होती, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या शाळेत पाळीपाळीनं एकेका विषयाचे मास्तर सगळ्यांसाठी खाणं आणत. इंग्रजीची पाळी आली तेव्हा माझी बायको प्रतिभा हिनं पातेलंभर शिरा करून दिला. वर काजू, बेदाणे, केशर. उस्तादांनी बोटांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांना निकाल ऐकवला. "हलवाच आहे. फक्त घाईत केलेला."

मी हे घरी सांगितलं तेव्हा प्रतिभा म्हणाली, "त्यांनी तुम्हाला ओळखलंय. शिऱ्याचं फक्त निमित्त."

ओळखलं होतंच. मी जन्माचा घाईत. सातव्या महिन्यात जन्मलो, हे आई कौतुकानं सांगायची आणि वडील तक्रार म्हणून. कुठल्याही गोष्टीत मुद्द्यावर यायचं, एवढा एकच गुण माझ्यात आहे, असं मी समजत आलो. त्याच गुणानं माझा घात केला, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

इब्रीत आमचं तिसरं वर्ष चालू होतं. दर वर्षी वसंतात आम्हा परदेशी शिक्षकांच्या कराराचं ठरायचं. आता ओमानी तरुण शिक्षक भरपूर तयार झाले आहेत, आणि ते योग्यच आहे, त्यामुळे आमच्यातले दरसाल दोन-चार कमी होत होते. मला फक्त एक वर्ष हवं होतं. मुलगी ईशा तिथल्या भारतीय शाळेत अकरावीत होती. अकरावी एका शाळेत आणि बारावी दुसऱ्या देशात, हे बोर्डाच्या नियमांत बसवणं म्हणजे उंट सुईतून काढण्यापैकी. ईशानं मला बजावून ठेवलं होतं, "बाबा, प्लीज, एक वर्ष कोणाला काही बोलू नका. लाइक, कोणालाच."

फेब्रुवारीत पालकसभा झाली. मी चिपळूणला अठरा वर्षं पालकसभा घेतल्या आहेत. त्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरनं यादी घेऊन उभं राहायचं, एकेकाचं नाव घ्यायचं, आणि "तुमचा मुलगा अभ्यास करत नाही, मोबाइल काढून घ्या" असं चारचौघांत सुनवायचं. पालकही घरून ऐकायच्या तयारीनंच आलेले असतात. न सुनवणाऱ्या मास्तरला ते ढिला समजतात. एका आईनं तर मला विचारलं होतं, "सर, आमच्याला तुम्ही काहीच बोलला नाहीत, काही राग आहे का?"

त्याच थाटात मी इब्रीच्या हॉलमध्ये पंचवीस बापांसमोर उभा राहिलो आणि यादी काढली. पहिलंच नाव ज्या मुलाचं होतं, त्याचे वडील पुढच्या रांगेत बसले होते. उंच, करड्या दाढीचे, हातात चांदीच्या मुठीची काठी. मी त्यांना अरबी आणि इंग्रजीची सरमिसळ करून सांगितलं की तुमचा मुलगा हुशार आहे, पण आळशी आहे, तीनदा नापास झाला आहे, आणि मला वाटतं घरात कुणाचं लक्ष नाही.

हॉल अगदी शांत झाला. मला वाटलं, काय एकाग्रतेनं ऐकतात हे लोक. काठीवाले गृहस्थ उठले, माझ्याशी हात मिळवला, "अल्लाह तुमचं भलं करो" म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यामागून आणखी सातजण उठले, त्यांनीही हात मिळवले. घरी जाऊन मी प्रतिभाला सांगितलं, "पालक इतके खूश झाले की सभा मध्येच सोडून मला शुभेच्छा देऊन गेले."

"मध्येच सोडून?" प्रतिभानं एवढंच विचारलं.

चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी बोलावलं. ते वयानं तरुण होते आणि वाईट बातमी देताना टेबलावरची पेनं सरळ रेषेत लावायचे. त्या दिवशी सगळी पेनं लावून झाली. मग ते म्हणाले की शिक्षण कार्यालयात तक्रार गेली आहे. या शिक्षकानं लोकांसमोर एका घराची अब्रू काढली, त्याला इथे ठेवू नये, अशी. कराराचा निर्णय तीन आठवड्यांत होणार होता आणि तक्रारीचा कागद माझ्या फाइलला लागणार होता.

मी रात्रभर जागून काय केलं असेल? मुद्द्यावर आलो. इंग्रजीत तीन पानी माफीपत्र लिहिलं आणि सकाळी उस्तादांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा चढवून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्याला जोडलेला कागद उलटसुलट करून पाहिला.

"हे काय आहे?"

"मुलाचे मार्क. पुरावा म्हणून."

"माफीला पुरावा?"

"म्हणजे माझा हेतू चांगला होता, हे कळावं म्हणून."

उस्तादांनी चष्मा काढला. "तुम्ही माफी मागताय, की तो नापास आहे हे लेखी कळवताय?"

त्यांनी पत्राची घडी करून थर्मासखाली ठेवली. थर्मास थोडा गळका होता. तीन पानांचा चांगला उपयोग झाला.

"दर्द किधर है?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच मला वाटलं की ते खरोखर विचारताहेत. मी त्यांना ईशाच्या बारावीबद्दल सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. एवढा विचार करण्यासारखं त्यात काय आहे, ते मला कळेना. शेवटी म्हणाले, "गुरुवारी. असरच्या नमाजानंतर. मी तुम्हाला घेऊन जातो."

"कुठे?"

"त्यांच्या घरी."

"मग मी काय बोलायचं ते लिहून..."

पाच बोटं जुळली. "शुवय."

गुरुवारी चार वाजता त्यांची जुनी पिकअप आमच्या इमारतीखाली आली. मी सूट घातला होता, टाय लावला होता. प्रतिभानं बेसनाचे लाडू डब्यात भरून दिले होते. वाटेत उस्तादांनी माझी तालीम घेतली. गाव अर्ध्या तासावर होतं आणि तेवढा वेळ त्यांना पुरला नाही.

तिथल्या रिवाजाचं असं आहे. पाहुणा घरी आला की आधी खजूर, मग कहवा. मग यजमान विचारतो, "शै उलूम?" म्हणजे, काही बातमी? त्यावर पाहुण्यानं म्हणायचं, "मा शै उलूम." बातमी काही नाही, सगळं क्षेम आहे. मग गप्पा. मग फळं, हलवा, पुन्हा कहवा. खरी बातमी जी काही असेल ती त्यानंतर, सावकाश, जमलं तर.

"मी यजमान," स्टिअरिंगवरचा एक हात उचलून उस्ताद म्हणाले. "तुम्ही आलात, बसलात, कहवा झाला. शै उलूम?"

"त्या दिवशी सभेत माझ्याकडून जे..."

"मा शै उलूम."

"पण मी तर त्याचसाठी चाललोय."

"म्हणूनच. पुन्हा. शै उलूम?"

"मा शै उलूम. फक्त त्या दिवशी..."

उस्तादांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मी म्हटलं, "उस्ताद, समजा खरंच मोठी बातमी आहे. घराला आग लागली आहे. तरीही काही नाही म्हणायचं?"

"ज्याच्या घराला लागली त्याच्याकडे गेलात, तर सांगा."

"आणि कुणी वारलं असलं तर?"

"आमच्या गावात एकजण बाप गेल्याची बातमी घेऊन मामाकडे आला होता. आधी तीन खजूर खाल्ले, कहवा घेतला, मा शै उलूम म्हणाला."

"आणि मग?"

"मग रडला." त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली. "आधी रडला असता तर तोही उपाशी राहिला असता आणि मामाही."

गावाच्या तोंडाशी खजुरांच्या बागा सुरू झाल्या. रस्त्याकडेनं फलजचं पाणी वाहत होतं. फलज म्हणजे डोंगरातून आणलेला पाट. ज्याच्या त्याच्या बागेला पाळीपाळीनं पाणी मिळतं. आमच्या गुहागरकडे पोफळीच्या बागांना असंच पाटाचं पाणी असतं, हे मी त्यांना उत्साहानं सांगितलं. अर्ध्या घटकेच्या पाण्यावरून आमचे आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ कोर्टात कसे गेले, वकील बदलत गेले, दोघंही वारले तरी खटला कसा चालूच राहिला, ते रंगवून सांगितलं. मला वाटलं उस्ताद हसतील. ते रस्त्याकडे बघत राहिले.

घरासमोर गाडी उभी केली आणि ते उतरेनात. आरशात बघून मसर नीट केली. मग सोडली आणि पुन्हा बांधली. मग पुन्हा. मी घड्याळ पाहिलं. "यल्ला, चला उस्ताद," मी म्हटलं, "चांगली दिसतेय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टाय घट्ट केला.

काठीवाले गृहस्थ दारात आले. आम्हाला पाहून जागीच थबकले. मी मनात म्हटलं, अजून राग गेलेला नाही. मग उस्ताद पुढे झाले, सलाम झाला, आणि दोघांनी नाकाला नाक टेकवलं. तिकडे जवळच्या माणसांत ही पद्धत आहे. नाकं नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकलेली राहिली. इतकी सलगी आहे तर माझं काम सोपं, असा हिशेब मी केला. मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीच्या, कोपऱ्यात एक खूप म्हातारे गृहस्थ बसले होते. ते डोळे पुसत होते. धुपाचा धूर फार झाला होता.

खजूर झाले, कहवा झाला. यजमानांनी उस्तादांना विचारलं, "शै उलूम?"

"मा शै उलूम."

मग माझ्याकडे वळून, "शै उलूम?"

साठ मैलांच्या वेगानं माझ्या तोंडाशी तीन पानं आली होती. ती गिळून मी म्हटलं, "मा शै उलूम." उस्तादांनी नकळत सुस्कारा सोडला.

मग माणसं येऊ लागली. एक शेजारी आला, मग दोघं, मग चौघं. अर्ध्या तासात मजलिस भरली. जो येई तो दारात क्षणभर थांबे, आत बघे, आणि चपला काढून बसे. मी ओळखलं. भारतीय मास्तर माफी मागायला आला आहे ही खबर गावभर झाली होती आणि लोक तमाशा बघायला जमले होते. मी पाठ ताठ केली. अपराध्यालाही काही रुबाब असतो. टायमुळे श्वास कोंडला होता, पाय मुडपून बसल्यानं उजवा पाय कुणा दुसऱ्याचा वाटत होता, आणि प्रत्येक नवीन माणसाकडे मी मान लववून अशा चेहऱ्यानं बघत होतो की त्याला माझी दया यावी. बहुतेकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हा त्यांचा सभ्यपणा, असं मी समजलो.

गप्पा पावसाच्या झाल्या, खजुराच्या झाल्या, कुणाच्या तरी उंटिणीच्या झाल्या. मध्येच कुणीतरी फलजचं नाव काढलं आणि सगळे एकदम गप्प झाले. उस्ताद यजमानांना हळू आवाजात काहीतरी म्हणाले. यजमान काठीच्या मुठीकडे बघत काहीतरी म्हणाले. त्यांची गावठी अरबी मला कळली नाही. विषय मास्तराचा नाही एवढंच कळलं, म्हणून मी लाडू पुढे केले. सगळ्यांनी एकेक लाडू घेतला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांनी दोन घेतले.

दोन तासांनी आम्ही उठलो. दारात माझा धीर सुटला. "साहेब, त्या दिवशी मी..." एवढं तोंडातून निघालं, आणि उस्तादांचा सव्वा मणाचा पाय माझ्या पायावर पडला. दुसऱ्या पायाला मुंग्या आलेल्या होत्या, त्यामुळे मी जवळजवळ यजमानांच्या अंगावरच गेलो. त्यांनी मला सावरलं, पाठीवर हात ठेवला आणि लिंबांची एक पिशवी दिली.

गाडीत बसल्यावर मी फुटलो. "दोन तास, उस्ताद. उंटिणीवर बोललो, पावसावर बोललो. माझ्या मुलीच्या बारावीचा प्रश्न आहे आणि त्यावर एक अक्षर नाही. मी एवढा सूट घालून..."

उस्तादांनी गाडी गावाबाहेर काढून मोठ्या रस्त्याला लावली. मग म्हणाले, "खलास."

"काय खलास?"

"सगळं."

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपवून रविवारी शाळेत गेलो तर मुख्याध्यापकांच्या टेबलावर पेनं अस्ताव्यस्त पडली होती. काठीवाले गृहस्थ सकाळीच कार्यालयात जाऊन तक्रार मागे घेऊन आले होते. गैरसमज होता म्हणाले. ठरल्या वेळी कराराचं पत्र आलं. एक वर्ष. ईशानं पत्राचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला आणि मला म्हणाली, "बाबा, यू आर फायनली नॉट एम्बॅरसिंग."

आता मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. दोन महिने ही गोष्ट सगळ्यांना सांगत फिरलो. मी कसा धीरगंभीर बसलो, अख्खा गाव लोटला तरी कसा डगमगलो नाही, नुसत्या माझ्या बसण्यानं यजमान कसे विरघळले. गणिताचे मिसरी, म्हणजे इजिप्तचे, मास्तर पंधरा वर्षं इब्रीत होते. त्यांनी ही गोष्ट चार वेळा ऐकली. पाचव्या वेळी हातातलं सँडविच खाली ठेवलं.

"लोक तुला बघायला जमले होते, असं तुला वाटतं?"

"मग?"

"उस्ताद आणि तुझे यजमान सख्खे चुलतभाऊ आहेत. बारा वर्षं बोलत नव्हते. फलजच्या पाण्याची पाळी, अर्ध्या तासाची. एकाच मशिदीत दोन टोकांना उभे राहायचे. कोपऱ्यातला म्हातारा त्यांचा काका. मरायच्या आधी दोघांना एका चटईवर बघायचंय, असं दर ईदला म्हणायचा." त्यांनी सँडविच पुन्हा उचललं. "आणि तू मध्ये टाय लावून बसला होतास."

मला एकेक गोष्ट आठवत गेली. आरशापुढची मसर. टेकलेली नाकं. धुपाचा धूर. आणि वाटेतला माझ्या आजोबांचा कोर्टातला किस्सा, तो आठवल्यावर मी दोन तास कुणाशी बोललो नाही. शाळेत हा विक्रम होता.

उस्ताद व्हरांड्यात थर्मास घेऊन बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि मग, माझ्या परीनं सुधारलेला असल्यामुळे, त्यांच्या घरच्यांची चौकशी केली, मुलांची केली, उंट त्यांच्याकडे नव्हते तरी उंटांची केली. मग विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सांगितलं असतंत. दारातच."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"बारा वर्षं मला जायचं होतं," ते म्हणाले. "स्वतःसाठी गेलो असतो तर मी वाकलो असं झालं असतं. तो आला असता तर तो वाकला असं झालं असतं. तुमच्यासाठी गेलो. पाहुण्यासाठी गेलं तर कुणीच वाकत नाही." त्यांनी माझ्यासाठी कप भरला. "मी बारा वर्षं एखाद्या मूर्खाची वाट बघत होतो. तुम्ही फार उशिरा आलात."

त्यांच्या तोंडून माझ्या उशिराची तक्रार ही पहिली आणि शेवटची.

ईशाची बारावी पार पडली. त्याच वर्षी उस्ताद निवृत्त झाले आणि माझा करारही संपला. ईशा पुण्याला शिकायला गेली, आम्ही दोघं मस्कतला आलो. तिथल्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका खाजगी शाळेत मी शिकवू लागलो. तिथे पालक स्वतःच मुद्द्यावर येतात, ईमेलवर येतात, आणि वर तीन पानांचा पुरावा जोडतात. मला कधी कधी वाटतं, मोबाइलच्या पडद्यातून हात घालून त्यांना बोटं जुळवून दाखवावीत.

दोन वर्षांनी मिसरी मास्तरांचा निरोप आला. उस्ताद गेले. झोपेतच.

मस्कतहून इब्री गाडीनं तीन तास. मी गेलो तो दुखवट्याचा तिसरा, शेवटचा दिवस होता. दुखवट्याला गेलेल्या माणसानं घरच्यांना काय म्हणायचं असतं, ते मी मस्कतमध्येच एका सहकाऱ्याकडून घोटून घेतलं होतं. "अहसनल्लाहु अज़ाकुम." ईश्वर तुम्हाला धीर देवो. तीन तास तेच म्हणत गेलो. उस्तादांच्या गावचा सबला, म्हणजे बैठकीचा मोठा हॉल, माणसांनी भरलेला होता. मी एकदाही घाई केली नाही. चपला काढल्या, शांतपणे आत शिरलो, भिंतीकडेला एक रांग उभी दिसली, तिच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की ही रांग पुढे सरकत नाही. उलट समोरून माणसं येताहेत, एकेकाचा हात हातात घेताहेत आणि मला शिकवलेलं वाक्य म्हणताहेत. मी भेटायला आलेल्यांच्या रांगेत नव्हतो. घरच्या माणसांच्या रांगेत होतो.

माझ्या बाजूला चांदीच्या मुठीची काठी होती. आमच्या आजोबांच्या खटल्यातले दोन्ही पक्ष एकमेकांच्या तेराव्याला फिरकले नव्हते. इथे हे चुलतभाऊ तीन दिवस उभे होते, उस्तादांच्या मुलांच्या शेजारी, रांगेत. मी खजील होऊन निघायला वळलो. त्यांनी माझं मनगट धरलं, काठी दुसऱ्या हातात घेतली आणि जरा सरकून मला नीट उभं राहण्यापुरती जागा केली.

माणसं येत होती. मला फक्त पाहुण्याचं वाक्य येत होतं, उत्तर येत नव्हतं. पहिल्या तिघांनी माझं सांत्वन केलं आणि मी त्यांचं उलट सांत्वन केलं. चौथ्याच्या आधी काठीवाले माझ्या कानाशी वाकले आणि काय उत्तर द्यायचं ते हळूच दोनदा सांगितलं. मग मला जमलं.

एक म्हातारबुवा माझ्यापाशी येऊन थांबले. माझी पँट पाहिली, चेहरा पाहिला आणि हा कोण, अशा नजरेनं काठीवाल्यांकडे बघितलं.

"शाळेतला," काठीवाले म्हणाले.

हे काही फार जवळचं नातं असावं अशी म्हातारबुवांनी मान डोलावली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.